कातडं काढलेली टर्की

टर्की शिजवायच्या तीन पद्धती मी एकाच डिसेंबरात शिकले. तिन्ही शिकवणाऱ्यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली: बाकीच्या दोघांचं ऐकू नकोस.

पहिली पद्धत अमेरिकेहून आलेल्या एका बाईंची, दुसरी शेजारच्या अँग्लो-इंडियन आंटीची आणि तिसरी माझ्या थोरल्या भावाची. भावाने तोवर टर्की पाहिलीसुद्धा नव्हती, पण त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट आहे. कोरमंगलात तेव्हा दोन बंगल्यांमध्ये एक रिकामा प्लॉट असायचा आणि त्या प्लॉटमध्ये म्हशी बसलेल्या असायच्या. तिथल्या एका बंगल्यात एका परदेशी कंपनीचं गेस्ट हाऊस होतं आणि त्या गेस्ट हाऊसची व्यवस्था माझ्याकडे होती. चादरी, किराणा, पाहुण्यांचं जेवण, नळ गळला तर प्लंबर, सगळं. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. वर्षाच्या शेवटी मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं.

मी बी.एस्सी. आहे, होम सायन्समध्ये. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे आणि आजही सांगते. आमच्या आजोबांना सही येत नव्हती आणि वडिलांना फक्त सही येत होती. मला बाकीचं आलं. त्यात लाजायचं काय?

आम्ही बेंगळूरचेच. कधी काळी फौजेबरोबर इकडे आलेले मराठे आम्ही, असं वडील म्हणायचे. पुरावा विचारला की चिडायचे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, त्यामुळे आमच्या मराठीत ‘जरा’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ हे शब्द मिठासारखे पडलेले असतात. पेठेत आमचं मिलिटरी हॉटेल होतं. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं, इकडे मिलिटरी हॉटेल म्हणजे मटण-कोंबडीची साधी खानावळ. फळकुटाची बाकं, पळसाच्या पानांचे द्रोण, त्यांत हिरव्या मसाल्याची बिर्याणी, बाजूला खिमा नाहीतर पाया. वडील गेल्यावर हॉटेल थोरल्या भावाकडे, अण्णाकडे आलं.

त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात आमच्या घरची बाई कधी गेली नव्हती. लिहिलेला नियम नव्हता, पण होता. आई मसाल्याचं सामान घरी निवडून द्यायची. ते पुरुषमाणसं घेऊन जायची आणि चुलीवरचं सगळं पुरुषांनी करायचं. मीही लहानपणी डबा द्यायला गेले की मागच्या दाराच्या उंबऱ्याशी उभी राहायचे. आत मोठमोठी पातेली आणि चुलीचा जाळ दिसायचा आणि अण्णा म्हणायचा, “तिथंच थांब गं, आत नको.”

त्यामुळे मी गेस्ट हाऊसची नोकरी धरली तेव्हा अण्णाचा राग समजण्यासारखा होता.

“आपल्या घरच्या बाया आपल्या चुलीपाशी येत नाहीत,” तो म्हणाला, “आणि तू दुसऱ्याच्या चुलीपाशी जाणार? ह्याच्यासाठी शिकवलं?”

“चुलीपाशी नाही, ऑफिसात. मी व्यवस्था बघते.”

“व्यवस्था म्हणजे कायते? आज काय शिजवायचं ते सांगणं. मीही तेच करतो.”

“मग तुलाही व्यवस्थापक म्हणायला पाहिजे.”

ह्यावर आई हसली, अण्णा नाही. होसूरहून एक स्थळ आलेलं होतं. माणसं चांगली होती, पितळी भांड्यांचं दुकान होतं, पण त्यांना नोकरी करणारी मुलगी नको होती. अण्णाने त्यांना संक्रांतीपर्यंत थांबवून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. कंपनीने कायम केलं तर बघू, नाही केलं तर होसूर. मलाही ते मान्य करावं लागलं, कारण कायम न केलेल्या नोकरीसाठी मी कोणत्या तोंडाने भांडणार?

असं सगळं चाललेलं असताना अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसचे एक वयस्क इंजिनिअर बायकोला घेऊन आले. नाताळ त्यांचा इथेच होणार होता. आमच्या ॲडमिनच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडमना नाताळच्या जेवणात टर्की हवी आहे. जमेल?”

“सर, मी टर्की कधी पाहिलेली नाही.”

“मग?”

“पण कोंबडीचं मला सगळं येतं. टर्की म्हणजे मोठी कोंबडी असेल तर जमेल.”

साहेब बराच वेळ पेन उघडझाक करत राहिले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “जानेवारीत तुझ्या कागदावर मला सही करायची आहे. त्या वेळी मला आठवायला काहीतरी चांगलं दे.”

मी लगेच मॅडमकडे गेले. ज्यांना खायचंय त्यांनाच विचारावं, हे मला खानावळीच्या घरात जन्मल्यामुळे कळत होतं. मॅडम व्हरांड्यात बसून विणत होत्या. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं आणि हवेत हात करून मला टर्की दाखवली. पक्षी अख्खा हवा. पोटात कांदा, सेलरी, पाव भरायचा. अंगाला लोणी चोळायचं आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर तासन् तास ठेवायचा. मधूनमधून खाली उतरलेला रस चमच्याने वर घालत राहायचं. छाती करपायला लागली की वरून चांदीचा कागद. त्यांची आई असं करायची आणि तिची आईही असंच.

“उकडायची मात्र नाही,” त्या म्हणाल्या. “कोणीही सांगितलं तरी उकडायची नाही.”

मग त्यांनी विचारलं, “ओव्हन कुठे आहे?”

मी त्यांना आमचा ओव्हन दाखवला. ॲल्युमिनियमचा, गोल, झाकणावर काचेचा डोळा असलेला. त्यात एक केक व्हायचा, तोही बेतानेच. मॅडमनी झाकण उघडून आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत आत पाहिलं. “ओ डिअर,” म्हणाल्या.

गेस्ट हाऊसला स्वयंपाकी होता, पण तो उडुपीचा, भट. अंड्यालासुद्धा हात लावायचा नाही. कोंबडी असली की ती मी करायचे आणि तो तेवढा वेळ मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचा. टर्कीचं ऐकून तो म्हणाला, “मॅडम, त्या दिवशी मी रजेवर जाऊ का?” मी म्हटलं, भात आणि भाज्या करा, मग अंगणात जा.

टर्की मिळवून दिली शेजारच्या आंटीने. ती एकटी राहायची, नवरा रेल्वेत होता, वारलेला. दर नाताळला ती शहराबाहेरच्या एका फार्मवरून पक्षी मागवायची. तिने माझ्यासाठीही एक सांगितला आणि बरोबर उपदेशही दिला.

“ऐक, गर्ल. ओव्हनबिवन काही नको. मोठ्या डेगमध्ये अख्खी टर्की घाल, काळे मिरे, दालचिनी, व्हिनेगर, मीठ, बुडेल इतकं पाणी. आधी उकड. मऊ झाली की पाणी आटव आणि मग तुपात चारी बाजूंनी लाल कर. माझी मम्मी असंच करायची.”

“मॅडम म्हणतात उकडायची नाही.”

“तुझ्या मॅडमच्या टर्क्या गोठवलेल्या येतात. आपली टर्की आयुष्यभर चालली आहे. न उकडता कशी शिजेल?”

मला आंटीचं म्हणणं पटलं. कॉलेजात आम्हाला शिकवलेलं होतं, वापरातला स्नायू चिवट, त्याला ओली आच आणि वेळ लागतो. पाय चिवट. पण छाती चिवट नसते, ती उडत नाही तर तिला काम काय? छातीला वेळ दिला की ती कोरडी पडते. म्हणजे एकाच पक्ष्यात दोन प्रकारचं मांस आणि शिजवायचं एकत्र. मॅडमच्या पद्धतीत छातीची काळजी होती, आंटीच्या पद्धतीत पायाची. हे मी आंटीला सांगितलं तर ती म्हणाली, “कॉलेजात टर्की केलीस का कधी?” नव्हती केली.

रात्री जेवताना अण्णाला सांगितलं. अण्णाने दोन्ही पद्धती शांतपणे ऐकल्या आणि हात धुता धुता निकाल दिला.

“तुकडे कर. पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची वाट. दही लाव. दम दे. पाय खाली, छाती वर. संपलं.”

“अख्खी हवी, अण्णा. टेबलावर अख्खी ठेवून साहेब कापणार.”

“पाहुण्यांना कापायला लावतात? काय माणसं आहेत!”

पण शिजवायची कुठे हा प्रश्न राहिलाच. आमच्या बाजूची बेकरी अय्यंगारांची, शुद्ध शाकाहारी. तिथे टर्कीचं नाव काढायची माझी छाती नव्हती. कँटोन्मेंटमधल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत लोकांच्या केकनी भरलेल्या आणि नाताळच्या दिवशी थंड. एवढा पक्षी मावेल अशी डेग, जाड लोखंडी झाकण आणि लाकडाची चूल मला माहीत असलेल्या एकाच ठिकाणी होती.

त्या वर्षी नाताळ सोमवारी आला होता. सोमवारी आमचं हॉटेल बंद, गिऱ्हाइकांचा शंकराचा वार. अण्णाने डोकं खाजवलं. म्हणाला, “आणून दे. कापून, साफ करून ठेवतो. सकाळी तू दारात उभी राहा आणि सांग, मी चढवतो. आत यायचं कारण नाही.”

त्याचा ह्यात तोटाच होता, हे मला समजत होतं. टर्की बिघडली असती तर अण्णाला हवं तेच झालं असतं. संक्रांतीला होसूरची माणसं साखरपुड्याला आली असती. पण त्याच्या चुलीवरून वाईट मांस बाहेर जाणं हे त्याला त्याहूनही नको होतं. असा माणूस.

रविवारी दुपारी टर्की आली. पाय बांधलेली, गोणपाटात गळ्यापर्यंत गुंडाळलेली, मान बाहेर. आंटीच्या फाटकापासून ती मी रिक्षाने पेठेत नेली. रिक्षावाल्याने आरशात दोनदा पाहिलं.

“इदेनम्मा, नविला?” मोर आहे का हा, असं त्याचं म्हणणं.

“मोर नाही, टर्की. कोंबडीच असते.”

“पोलिसांना सांगा कोंबडी म्हणून,” तो म्हणाला आणि मीटरवर वीस रुपये जास्त मागितले. टर्की सबंध वाटभर त्याच्या मानेकडे बघून गुरगुरत होती. रविवारी हॉटेलात मरणाची गर्दी असते. मी मागच्या दारातून गोणपाट अण्णाच्या हातात दिलं आणि ओरडून सांगितलं, “अख्खी ठेव हां, तुकडे करू नकोस!”

“आयतु, आयतु,” आतून आवाज आला, म्हणजे झालं, समजलं.

सोमवारी सकाळी मी लोणी, मिरे, लसूण आणि सेलरीची जुडी घेऊन मागच्या दाराशी पोहोचले. अण्णाने चूल पेटवलेली होती. परातीवरचं ओलं फडकं त्याने एखाद्या सोनाराने डबी उघडावी तसं उचललं.

परातीत टर्की होती. अख्खी होती. तुकडे केलेले नव्हते. स्वच्छ धुतलेली, हळद-मीठ लावून पिवळीधमक केलेली. आणि तिच्या अंगावर कातडं नव्हतं.

“अण्णा, कातडं?”

“काढलं की.”

“का काढलंस?”

“का म्हणजे? कोंबडीचं कातडं काढतात म्हणून. पिसांसकट ओढलं. दोघांनी धरायला लागली, एवढी घट्ट. कुठे फाटू दिलं नाही मांस.” त्याच्या आवाजात अभिमान होता.

“मी अख्खी ठेव म्हटलं होतं.”

“अख्खीच आहे की! अंगावरचे कपडे तेवढे उतरवलेत.”

“कुठे आहे ते?”

“कुत्र्यांना टाकलं. घाण असते ती.”

आता इथे अण्णाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. आमच्या हॉटेलात, आमच्या घरात, आमच्या गल्लीतल्या कोंबडीवाल्याकडे कातड्यासकट कोंबडी कोणी खात नाही. पिसं उपटत बसायची पद्धतच नाही. पुष्कळांनी मला नंतर विचारलं, त्याने मुद्दाम तर केलं नसेल? नाही. मुद्दाम करणारा माणूस दोघांना धरायला लावून एवढ्या निगुतीने कातडं काढत नाही.

पण मॅडमच्या सगळ्या पद्धतीचा जीव त्या कातड्यात होता. लोणी चोळायचं ते कातड्यावर. लाल व्हायचं ते कातडं. कातड्याखालची चरबी वितळून छातीवर झिरपते, म्हणून छाती टिकते. उघड्या छातीला तासन् तास आच लागली तर तिची सुंठ होणार, हे सांगायला पदवीही लागत नाही. दुसरी टर्की मिळणार नव्हती. जेवण दुपारी दोनला होतं.

“तुकडे करतो,” अण्णा म्हणाला. “हिरवा मसाला तासाभरात होईल. बोटं चाटतील.”

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून विचार केला. खरं सांगायचं तर तुकडे हाच सोपा रस्ता होता, आणि चवीलाही बहुतेक सगळ्यात चांगला. पण त्या बाईंनी व्हरांड्यात बसून मला हवेत हातांनी पक्षी दाखवला होता. त्यांच्यापुढे मी द्रोणात बिर्याणी ठेवली असती तर त्या चांगल्या बोलल्या असत्या, साहेबही चांगलं बोलले असते, आणि जानेवारीत त्यांना आठवली असती ती टर्की न जमलेली मुलगी.

तेवढ्यात आत खुंटीजवळच्या लाकडी बर्फपेटीकडे माझं लक्ष गेलं.

“अण्णा, कालची जाळी आहे का?”

बकऱ्याच्या पोटात आतड्यांवर चरबीचा पातळ पडदा असतो, लेस लावल्यासारखा. त्याला आमच्याकडे नुसतं जाळी म्हणतात. आम्ही तिच्यात कलेजी गुंडाळून तव्यावर भाजतो. रविवारी बकरे जास्त कापले जातात, म्हणून जाळी उरते.

“आहे. ती मंगळवारच्या कलेजीला आहे.”

“सगळी दे. हिला कपडे घालायचे आहेत.”

अण्णाने टर्कीकडे पाहिलं, बर्फपेटीकडे पाहिलं. “कशी गुंडाळणार? सरकेल ती.”

“दाखवते.”

“तिथूनच सांग.”

“इथून दाखवता येत नाही, अण्णा.”

“बाहेर थांब, स्वल्प. सांग मला, मी गुंडाळतो.”

“ही टर्की वाळली तर माझी नोकरी जाईल. तुझी काही जाणार नाही. तर ती मी गुंडाळणार. जमलं नाही तर संध्याकाळी होसूरला कळव, मी काही बोलणार नाही.”

मी चपला काढल्या आणि आत गेले. आत गेल्यावर काही झालं नाही. जमीन ओशट होती, पाय सटकला, अण्णाने दंड धरला आणि म्हणाला, “हळू. इथं सगळे सटकतात.”

मग आम्ही कामाला लागलो. आधी हळद धुतली. सगळी गेली नाही. पिवळी झाक राहिलीच. लोणी, कुटलेले मिरे आणि लसूण मी सगळ्या अंगाला चोळलं, छातीला दुप्पट. पोटात कांदा आणि सेलरी भरली. सेलरीचा वास घेऊन अण्णाने तोंड वाकडं केलं. मग जाळी कोमट पाण्यात मोकळी करून एकावर एक पसरली, छातीवर तीन थर, पायांवर एक. टोकं खाली घेऊन सुतळीने बांधलं. अण्णाने डेगच्या तळाला कांद्याच्या जाड चकत्या आणि मटणाच्या नळ्या अंथरल्या, की पक्षी तळाला टेकायला नको. हे मला सुचलं नसतं. त्याने कणकेने झाकण बंद केलं, वर निखारे टाकले, खालचा जाळ ओढून घेतला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला. त्या चुलीपाशी मी एकटीच उरले.

बाराच्या सुमाराला त्याने कणीक फोडली. वाफ गेल्यावर आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. अण्णाने पायाची नळी धरून हलवली. ती सांध्यात फिरली.

“झाली.”

मी विणायची सुई बरोबर आणली होती, मॅडमकडून मागून घेतलेली. मांडी जिथे अंगाला जुळते तिथे खुपसली. रस आला तो गुलाबी.

“नाही झाली.”

“पाय फिरतोय की. कोंबडी मी रोज करतो, बीएस्सी.”

“कोंबडीच्या सांध्यापर्यंत आच लगेच पोहोचते, हिचा सांधा खोल आहे. बाहेरून शिजली, आतून कच्ची आहे. अमेरिकेचं पोट बिघडलं तर जानेवारीपर्यंत थांबायलाही नको.”

“वाळेल.”

“जाळी आहे.”

तो निखारे आणायला वळला. आम्ही झाकण परत ठेवलं, पण कणीक न लावता, फटीत लाकडाची चीप घालून, म्हणजे वाफ जाईल आणि वरून लाल होईल. निखारे नवे टाकले.  तासाभराने सुई घातली तेव्हा रस पाण्यासारखा आला. जाळी वितळून गेली होती आणि तिच्या धाग्यांची तांबूस नक्षी तेवढी टर्कीच्या अंगावर उमटून राहिली होती, भरतकाम केल्यासारखी. कातडं नव्हतं ते नव्हतंच. पण उघडी दिसत नव्हती.

डेग एकटीला उचलणं शक्य नव्हतं, म्हणून अण्णा रिक्षात बसला. कोरमंगलाला तो पहिल्यांदाच येत होता. मागच्या दारातून डेग आत घेतली तेव्हा उडुपीचा स्वयंपाकी भात उतरवत होता. त्याने नाकाला टॉवेल लावला आणि विचारलं, “मॅडम, भाज्या टेबलावर नेऊ का? मॅडम, साहेब तुम्हाला दोनदा विचारून गेले. मॅडम, गॅसवाला आला होता, उद्या या म्हटलं, तुम्ही नव्हता म्हणून.” एवढं बोलून तो अंगणात पळाला. अण्णा भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदा स्वयंपाक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

टर्की मी मोठ्या चिनी मातीच्या ताटात काढली आणि स्वतः टेबलावर नेली. टेबलाशी पाहुणे नवरा-बायको आणि आमचे साहेब. मॅडमनी चष्मा सारखा केला.

“कातडं कुठे आहे?”

आमच्या साहेबांनी डोळे मिटले.

“काढून टाकलं, मॅडम,” मी म्हटलं. “आमच्याकडे कोणत्याच पक्ष्याचं कातडं ठेवत नाहीत. मी ठेवा म्हणून सांगितलं नव्हतं, त्यांनी नेहमीसारखं काढलं. मग त्याच्या जागी बकऱ्याची चरबी लावली. उकडलेली नाही. ओव्हनमध्येही केलेली नाही. डेगमध्ये, खाली वर निखारे घालून केली.”

पाहुण्या साहेबांनी सुरी चालवली. छातीचा काप पडला, आणि कडेने रस उतरला. मी तेवढंच बघत होते. मॅडमनी खाल्लं. सावकाश खाल्लं.

“माझ्या आईची टर्की कोरडी असायची,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी. आम्ही कोणी तिला कधी सांगितलं नाही. ही कोरडी नाही.”

मग थोडं थांबून म्हणाल्या, “पण ही आमच्या आईची टर्की नाही.”

दोन्ही खरं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पायाचं मांस जास्त घेतलं. साहेबांनी डोळे उघडले.

मी आत गेले तर अण्णा तसाच उभा. “काय म्हणाली?”

सांगितलं, दोन्ही वाक्यं.

“आईचीच पाहिजे होती तर आईकडे जायचं,” अण्णा म्हणाला. पण उरलेली छाती आत आली तेव्हा त्याने एक तुकडा तोडून तोंडात टाकला, चावला, आणि दुसरा घेतला. “मीठ कमी आहे,” म्हणाला.

एक पाय मी आंटीकडे पाठवला. निरोप आला: चांगली आहे, पण पुढच्या वेळी आधी उकड.

त्यानंतर मी त्या गेस्ट हाऊससाठी आणि पुढे माझ्या स्वतःच्या कामात पुष्कळ टर्क्या केल्या, म्हणून अनुभवाने सांगते. ओव्हन मोठा असेल आणि कातडं असेल तर मॅडमची पद्धत दिसायला सगळ्यात चांगली. पक्षी म्हातारा असेल तर आंटीला पर्याय नाही. छाती वेगळी आणि पाय वेगळे शिजवायची मुभा असेल तर अण्णाचा हिरवा मसाला, आणि कोणी काही म्हणो, चवीला तोच पहिला. जाळीची पद्धत कोणी शिकवलेली नाही. ती गरजेपुरती आहे. चूक झालेली असेल तर करावी.

संध्याकाळी रिकामी डेग मध्ये ठेवून आम्ही दोघं रिक्षात बसलो. तिच्या कडेला पाय टेकवायला जागा नव्हती, म्हणून दोघंही वाकडे. अर्ध्या वाटेपर्यंत अण्णा रस्त्याकडे बघत होता. मी होसूरचा विषय काढणार नव्हते. तो त्याने काढायचा होता.

“तो स्वयंपाकी वयाने केवढा असेल?” त्याने विचारलं.

“तुझ्याहून मोठा.”

“तुला मॅडम म्हणतो.”

“हो.”

 सिग्नलला रिक्षा थांबली. अण्णाने डेगच्या झाकणावरची राख बोटाने पुसली.

“पुढच्या नाताळाला,” तो म्हणाला, “कातडं काढणार नाही मी. पिसं उपटायला एक माणूस बघून ठेवतो.”

मी म्हटलं, “सरी.”